नाव न सांगणारं स्टेशन

गोकुळा मुलचेऱ्याच्या बाजारातून चार मोठे सेल घेऊन घरी आली, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दुकानदाराने सेलांवरची धूळ पुसता पुसता तिला विचारलंही होतं, "बाई, अजून रेडिओ चालते तुमचा?" ती नुसती हसली होती. मोबाइलच्या दिवसांत असले सेल मागणारं गिऱ्हाईक म्हणजे एकतर बॅटरीवालं, नाहीतर डोक्यानं जरा सुटलेलं. आणि गोकुळाच्या घरची बॅटरी चार्जिंगची होती.

घर तलावाच्या पाळीला लागूनच. पाळीखालच्या बांध्यांत धान कापून पडलेलं, त्या ओल्या तणसाचा आणि तलावातल्या गाळाचा वास संध्याकाळी एकमेकांत मिसळून थेट चुलीपर्यंत यायचा. अंगणात तिचा मुलगा प्रफुल पळसाची पानं मोजत बसला होता. तीनशे साठ पानं लागणार होती. उद्या सकाळी त्या पानांचा एक माणूस करायचा, त्याला धोतर गुंडाळायचं आणि तलावाच्या काठी अग्नी द्यायचा. देह सापडला नाही की असंच करतात.

देह नानाजीचा. गोकुळाचा नवरा. मागल्या वर्षी भादव्यात तो पहाटेच डोंगा घेऊन तलावात गेला. डोंगा सापडला, जाळं सापडलं, जाळ्यात मासेसुद्धा होते. नानाजी तेवढा सापडला नाही. गावातल्या पोरांनी चार दिवस बुड्या मारल्या, तालुक्याहून रबरी नाव आली आणि गेली. सगळ्यांनी मान खाली घातली. गोकुळाने काही कुंकू पुसलं नाही. "मी पाह्यलं नाई, तं मी मानत नाई," एवढंच ती म्हणायची. चौदा महिने तिने गावाला दाद दिली नव्हती. पण प्रफुल आता तिला आपल्याबरोबर वरोऱ्याला न्यायला निघाला होता आणि बापाचं असं अधांतरी ठेवून जायला त्याचं मन धजत नव्हतं.

"माय, उद्या होऊ दे ना सारं," पानांवरून नजर न उचलता तो म्हणाला.

"आजचा दिस रेडिओ आयकू दे मले. मंग पाहू."

त्याने हो म्हटलं. वरोऱ्याला त्याची खोली कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला चिकटून होती; तिथे त्या रेडिओत खरखरीशिवाय काही शिरणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

नानाजीला हा नाद लागला तो तरुणपणी, बाजूच्या बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या मास्तरामुळे. मास्तर संध्याकाळी डोळे मिटून दूरदेशीची स्टेशनं शोधायचे. मरताना त्यांनी रेडिओ नानाजीला दिला आणि नानाजीने छपरापासून मोहाच्या झाडापर्यंत तांब्याची तार ताणली. जपान, रुमानिया, व्हिएतनाम! ज्याला चंद्रपूरसुद्धा लांब वाटायचं, असा हा मासे मारणारा माणूस, कमरेला ओला पंचा गुंडाळून जगभर फिरून यायचा. गाव हसायचं. हसणाऱ्यांपैकी निम्मे मात्र परदेशातून आलेली रंगीत कार्डं पाहायला हटकून यायचे.

स्टेशनवाल्यांकडून कार्ड फुकट मिळत नसतं. स्टेशन ऐकलं, तर काय ऐकलं, किती वाजता, कसं ऐकू आलं, याचा पुरावा लिहून पाठवावा लागतो. नानाजीचं शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं. गोकुळा सातवी शिकलेली. म्हणून कान त्याचे आणि अक्षर तिचं, असं एकतीस वर्षं चाललं. तो सांगायचा, ती वहीत उतरवायची. शेवटी पाच आकडे: ताकद, अडथळा, खरखर, चढउतार आणि एकूण. एक म्हणजे अगदीच वाईट, पाच म्हणजे चोख. दूरच्या स्टेशनाला कधी पाचही पाच मिळत नसत. "पाचही पाच आले का समजाचं, स्टेशन बाजूलेच हाय," असं नानाजी म्हणायचा.

त्याचे नियम दोनच. आयकलं तेवढंच लिहाचं, डोळ्यानं दिसलेलं नाई. आणि स्टेशनानं आपलं नाव सांगितल्याशिवाय ते मोजाचं नाई. स्टेशनाचं नाव यायची वेळ झाली की तो श्वास रोखून धरायचा. नाव आलं की हुश्श करून सोडायचा. त्या हुश्शवर गोकुळाचा फार जीव होता. चुलीपाशी बसूनही ती त्याची वाट पाहायची.

सूर्य पाळीपलीकडच्या सागवनात उतरला तशी तिने कपड्यात बांधलेला रेडिओ काढला, सेल घातले, तार जोडली. दिवस आणि रात्र यांच्या सांध्यावर लांबचे आवाज पोचतात, हे तिला नानाजीनेच शिकवलं होतं. मग तिने वही उघडली. ऐकलेलं आज तिचं तीच लिहिणार होती. नानाजीने सांगितलेली शेवटची नोंद भादव्यातली, ती तिला आठवत होती.

त्या नोंदीपुढची पानं कोरी नव्हती.

अक्षर तिचंच होतं. 'ल'ची तीच लांब शेपटी, तीच निळी शाई. पहिली तारीख नानाजी गेला त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

"सूर्य बुडताना. स्टेशन: गोकुळा? बादलीचा आवाज. कोंबड्या बोलावल्या. रडणं नाही. ४-४-३-४-४. नाव सांगितलं नाही."

तिने पान उलटलं. दिवाळीच्या पाडव्याला काडी ओढल्याची आणि बांगडी वाजल्याची नोंद होती. पौषात दोन दिवस खोकला. मग चैत्रातली एक: "रिकाम्या रांजणातून रडणं घुमलं. आवाज स्पष्ट. नाव सांगितलं नाही." गोकुळाने त्या ओळीवर बोट ठेवलं. शेजारणीला ऐकू जाऊ नये म्हणून ती खरंच एकदा रिकाम्या रांजणात तोंड घालून रडली होती. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

महिन्यामागून महिने आकडे उतरत गेले होते. तीन, दोन. कालच्या तारखेला पाचही ठिकाणी एक. "फार विरते. गोकुळाच असावी. नाव सांगितलं नाही, म्हणून मोजता येत नाही."

"प्रफुल..." तिने हाक मारली तेव्हा तिचा आवाज तिलाच दूरचा वाटला.

प्रफुलने कंदिलाशी वही धरून वाचलं. एकदा, दोनदा. "माय, हे तुनंच लिवलं. झोपेत लिवलं असशील. मन लागत नाई तं होते असं."

"मी लिहितो तं त्यायनं सांगितल्यावर लिहितो, बापू. माह्या मनानं मी एक ओळ कधी लिवली नाई."

"तेच तं म्हणून राह्यलो..." त्याने वही तिच्याकडे परत दिली.

गोकुळाने बटण फिरवलं. काचेवर नानाजीने खिळ्याने एक बारीक खूण करून ठेवली होती. काटा तिच्यावर आणला. अलीकडे कुणी चिनी बाई बोलत होती, पलीकडे कुठलीशी तंतुवाद्यं. मध्ये बोटभर जागा होती, तिथे काहीच नव्हतं. खरखरही नव्हती. घागर कानाला लावली की येतो तसा एक पोकळ, ओलसर घुमारा येत होता आणि त्याच्या तळाशी पाणी हळू हळू काठाला लागत होतं. आपण बसल्या जागीच डोंग्यात आहोत आणि डोंगा कुणी न वल्हवता आत आत चालला आहे, असं गोकुळाला वाटलं. तिला भीती वाटली नाही. किती दिवसांनी तिला इतकं बरं वाटत होतं.

"कोणी बोलत नाई ना," प्रफुल कुजबुजला.

"बोलत नाई. आयकून राह्यले."

"कोण...?"

तिने बोट ओठांवर ठेवलं. त्या घुमाऱ्यात आणखी एक गोष्ट होती. ती एकतीस वर्षं चुलीपाशी बसून तिने ऐकली होती. कुणीतरी श्वास रोखून धरला होता.

एकाएकी तिला सगळं उमगलं. चौदा महिने तो माणूस तिकडून कान देऊन बसला होता. हिची बादली, हिचा खोकला, हिचं रडणं गोळा करत होता. ही मात्र एकदाही नाव सांगत नव्हती. आणि उद्या वरोऱ्याला गेल्यावर काय? काल एक होतं, उद्या शून्य.

ती रेडिओच्या जाळीशी वाकली. रेडिओत बोलून कुणाला ऐकू जात नाही हे तिला कळत होतं. तरी दूरच्या निवेदिका सांगतात तसं, स्वच्छ आणि सावकाश, ती म्हणाली, "हे गोकुळाचं घर हाय. तलावाची पाळ, तालुका मुलचेरा." मग लग्नातल्या उखाण्यानंतर जे तिने आजवर उच्चारलं नव्हतं, तेही तिच्या तोंडून निघालं. "नानाजी... आयकता ना?"

"माय!" प्रफुलने तिचा दंड धरला. "तिनसांजेचं गेलेल्या माणसाले नावानं हाक मारत नाई कोणी..."

"गेले म्हणून कोण म्हणते?" ती म्हणाली.

रेडिओतून हुश्श झालं.

प्रफुलनेही ते ऐकलं. त्याने ऐकलं नाही असं नंतर कितीही सांगितलं, तरी त्या क्षणी तो दोन पावलं मागे सरला होता. मग ती बोटभर जागा मिटून गेली. चिनी बाई आणि तंतुवाद्यं एकमेकांत मिसळली आणि अंगणात रातकिडे ऐकू येऊ लागले.

गोकुळाने रेडिओ बंद केला. तिचा चेहरा मोकळा झाला होता. "कर उद्या तुहं," ती म्हणाली. "त्यायले नाव भेटलं. त्यायचं काम झालं आता." त्या रात्री ती गाढ झोपली.

सकाळी तलावावर धुकं होतं. गावातल्या वारलू म्हाताऱ्याने पानांचा माणूस बांधून दिला, प्रफुलने अग्नी दिला. ओली पानं तडतडत जळली, धूर पाण्यावर सरपटत गेला आणि धुक्यात कुठे मिळाला ते कळलं नाही. गोकुळा रडली, सगळ्यांसमोर, पोट भरून. घरी आल्यावर बाया मागे येऊ लागल्या तशी ती म्हणाली, "मले एकटीले करू द्या." तिने दार लोटून कडी लावली, आरशासमोर उभी राहिली आणि पदराच्या टोकाने कुंकू पुसलं.

बाहेर प्रफुल गाडीवर गाठोडी बांधत होता. तिने भिंतीतल्या फळीवरून कार्डांची पिशवी काढली, रेडिओ काढला. वही पिशवीत टाकताना काल वाचलेल्या पानाशी बोट अडकलं, म्हणून तिने ती उघडली. तिथल्या शेवटच्या नोंदीखाली आज सकाळची होती.

"स्टेशन: गोकुळा. नाव सांगितलं. पाळीवरून पावलं परत आली. दाराला कडी लावली. कुंकू पुसलं. ५-५-५-५-५."

"माय, झालं का?" अंगणातून प्रफुलने विचारलं.

गोकुळा ती नोंद पुन्हा वाचत होती. पावलांचा आवाज होतो. कडीचाही होतो. पण पदराने कुंकू पुसलं तर त्याचा आवाज होत नाही.

आणि दाराला कडी अजून आतूनच होती.