रिंगणातली मोकळी जागा

माझगावात आमच्या चाळीसमोरच्या चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी चार वाजता मुलांचा क्लब भरतो. गाणी, चित्रं, मग लिंबूसरबत आणि बिस्किटं. चालवणारी मंडळी आपापल्या नोकऱ्या सांभाळून फुकट येतात. माझी नात क्षितिजा तिथं जाते. तिचे आईबाप रात्री उगवतात. तोवर घरात माझ्याशी बोलणारी ती एकटीच.

शेजारची कमल बोललीच. "सुंदराबाई, विहार सोडून पोर चर्चमध्ये धाडता?"

"तुझी पोरं दिवसभर मोबाइलमध्ये तोंड घालून असतात, त्यांना कुठं धाडतेस ते सांग."

मी चौथी शिकलेली. पण पोर दुसऱ्याच्या हवाली करून घरी लवंडणारी बाई मी नाही. दाराजवळच्या बाकावर पूर्ण वेळ बसते. शेवटी मुलं हात धरून रिंगण करतात, डोळे मिटतात, नम्रताताई प्रार्थना सांगते. सगळे डोळे मिटतात. मी मिटत नाही. त्यांचा देव त्यांना, माझे डोळे मला.

एका शनिवारी रिंगणात मोकळी जागा दिसली. अभिषेकच्या उजव्या हाताला, एक मूल मावेल एवढी. त्याचा हात मात्र तिकडे लांब केलेला, मूठ वळलेली, कुणाचा तरी हात धरल्यासारखी. आमेन झालं, हात खाली आला, पोरं सरबताकडे पळाली.

पुढच्या शनिवारी अभिषेक नव्हता. मी नम्रताला विचारलं.

"कोण अभिषेक, आजी?"

"अगं, पुढचे दात पडलेला. त्याचं नाक तूच पुसायचीस."

ती हसली. "आपल्याकडे अभिषेक कधी नव्हताच."

उन्हात डोकं फिरलं असेल माझं, म्हटलं. पण त्या दिवशी जागा प्रितीच्या उजव्या हाताला होती.

त्यापुढच्या शनिवारी प्रिती नव्हती. कुणी तिचं नाव काढलं नाही. प्रार्थना सुरू झाली आणि मी बघितलं.

क्षितिजाचा उजवा हात हवेत लांब होता. मूठ वळलेली.

मी चपला काढून आत शिरले. त्या जागेत उभी राहिले. तिची बोटं एकेक करून सोडवली आणि माझा हात दिला. तिचा तळवा बर्फाच्या लादीसारखा गार होता. पलीकडून दीपिकाने माझा दुसरा हात धरला.

माझे डोळे आपोआप मिटले.

उघडले तेव्हा क्षितिजा शेजारीच होती. माझ्या जिवात जीव आला. सरबताचा ट्रे माझ्यासमोरून तसाच पुढे गेला. नम्रता दमली असेल, म्हटलं.

चाळीच्या गॅलरीत कमल उभी होती. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

ती क्षितिजाला म्हणाली, "चल, आई येईपर्यंत बस माझ्याकडे. रोज बसतेस तशी."

"आजी आहे ना."

"कुठली आजी, बाळा?"

तिने पोरीला आत घेतलं. क्षितिजाचा एक हात अजून माझ्या हातात, उंबऱ्याच्या बाहेर होता.

दार लावायचं म्हणून कमलने तो हळूच आत ओढून घेतला.