दानम्माच्या नावाची पंगत

शाहूपुरीतल्या गुळाच्या अडतीच्या पायरीवर शांभवी एका तरुणावर अशी आदळली, की तिच्या हातातली माहितीपत्रकं थेट गुळाच्या ढेपांवर जाऊन पडली.

"बघून चाला की, पावणं!"

"बघतच होतो... म्हणून तर चुकलं," तो हसत म्हणाला.

त्याचं नाव शशिधर. दोघंही गुंतवणूक सल्लागार, आणि दोघंही बसलिंगाप्पांकडंच आलेले. साल २००३. सत्तरी उलटलेल्या, मूलबाळ नसलेल्या आप्पांनी अडत नुकतीच विकली होती, ताबा तेवढा द्यायचा होता. आलेला पैसा कुठं ठेवायचा, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"तुम्ही आधी," शशिधर म्हणाला.

शांभवी भडाभडा बोलत सुटली. योजना, व्याज, करसवलत... आप्पांनी मोठी जांभई दिली.

"व्हय गं, वाढंल पैसा. पण खाणार कोण?"

ती अडखळली. दानधर्माचा विषय काढू नकोस, गिऱ्हाईक बिथरतं, असं ऑफिसात तिला बजावलेलं होतं.

शशिधरनं मात्र बॅग उघडलीच नाही. हळूच म्हणाला, "आप्पा, कुणाला काही दिलं आणि जिवाला बरं वाटलं... असं कधी झालंय?"

झालं! आता आप्पा दोघांनाही हाकलणार — शांभवी माहितीपत्रकं आवरू लागली. शशिधर मात्र नुसता वाट बघत राहिला.

"माझी कारभारीण, दानम्मा, सरकारी दवाखान्यात हुती तवा," आप्पा म्हणाले, "पेशंटची माणसं भाईर फुटपाथवर वाळली भाकरी पाण्यात भिजवून खायची. ती म्हणायची, माझा डबा त्यास्नी द्या. मी देत गेलो. ती गेली... आन मी परत तिकडं फिरकलोच न्हाय."

सगळा बाजार ज्यांच्या आवाजाला टरकायचा, ते आप्पा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. शांभवीच्या मनात आलं, एका साध्या प्रश्नानं एवढं मोठं दार उघडतं?

"दानम्माच्या नावानं दासोह, अन्नदान घालायचं तिथं," आप्पा म्हणाले. "रोज. गरम जेवण. सगळा पैसा घ्या!"

"सगळा नाही, आप्पा," शांभवी पटकन बोलली. "तुमची औषधं, तुमचं म्हातारपण आधी बाजूला. उरलेल्याचा ट्रस्ट करू. नुसत्या व्याजावर पंगत चालेल... तुमच्यामागंही."

आता शशिधर तिच्याकडं बघतच राहिला.

"हे मला सुचलं नसतं," बाहेर आल्यावर तो म्हणाला.

"आणि मला तसं गप्प बसता आलं नसतं."

"नकाच बसू... ऐकायला बरं वाटतंय."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

वकील, ट्रस्टची नोंदणी, आचारी — सगळीकडं दोघं मिळूनच हिंडले. कामं संपत आली, तशी दोघांना उगाचच नवी कामं सुचू लागली.

पहिल्या पंगतीला दवाखान्यासमोरच्या मांडवात वाफाळत्या भाताचा वास दरवळला. आप्पा अनवाणी पायांनी वाढत होते. भुकेली माणसं निःशब्द जेवत होती. शांभवीला वाटलं, आपण गाभाऱ्यात उभे आहोत.

शाहूवाडीहून लेकाला दवाखान्यात घेऊन आलेली बायडाबाई ताटावरून मान वर करून म्हणाली, "जोडा ग्वाड हाय गं. नवराबायको न्हवं?"

शशिधर गोरामोरा झाला. "न्हाय, न्हाय, मावशी, आमी आपलं —"

"अजून न्हाय," शांभवी म्हणाली.

आमटीची पळी त्याच्या हातात तशीच अधांतरी राहिली.

"अजून...?"

"आधी वाढा," ती पुढच्या ताटाकडं वळत म्हणाली. "मग चला... आमच्या बाबांना भेटायला."