बोटभर पुढे गेलेली सुई

"ग्रामोफोनचा साउंडबॉक्स चोरीला गेलाय. त्याजागी भलताच बसवलाय," फोनवर नीरजा म्हणाली. "पाच वाजता पोलीस चौकीत जायचंय. त्याआधी येऊन तेवढं लेखी द्या."

बद्रीनाथ बुधवार पेठेत जुने ग्रामोफोन दुरुस्त करतो. लेखी बिखी देण्याची त्याच्यावर कधी वेळ आली नव्हती. तरी हत्यारांची पिशवी घेऊन तो चार वाजता कोथरूडला पोचला.

नीरजा हिंजवडीहून रजा टाकून आली होती. तिचे वडील माधवराव खिडकीशी बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते. त्यांनी मान वर केली नाही. पेन थरथरत होतं, अक्षरं चौकोनांबाहेर जात होती. स्वयंपाकघराच्या दारात चंपा उभी होती. सात वर्षं ती या घरात कामाला होती. तिच्याकडची घराची किल्ली काढून टेबलावर ठेवलेली होती.

"आईची ही एकच रेकॉर्ड," नीरजा म्हणाली. "सोळाव्या वर्षी गायली होती. आई जाऊन आठ महिने झाले. काल मी लावली, तर नुसती खरखर."

तिचा आवाज सपाट होता. आठ महिन्यांत तिला रडू आलं नव्हतं. कालही आलं नाही, आणि त्याचंही तिला काही वाटेनासं झालं होतं.

"संशय कोणावर?"

"या चंपावर. शुक्रवारी मी कानांनी ऐकलं. फोनवर सांगत होती, जुना साउंडबॉक्स देऊन टाकला म्हणून. सोसायटीच्या ग्रुपवर कळवलंय मी."

"सकाळपासनं चार घरची कामं गेली माझी," चंपा म्हणाली.

"निकाल लागलाच आहे की. मग मला कशाला बोलावलंत?" बद्रीनाथ म्हणाला आणि यंत्रापाशी बसला.

सुई ज्यात बसते तो गोल साउंडबॉक्स, आणि त्याला पेलणारी दांडी म्हणजे टोनआर्म. बद्रीनाथनं ती दांडी हलकेच मधल्या खुंटीकडे आणली. सुई खुंटीच्या जवळपास थांबायला हवी. ती बोटभर पुढे गेली.

"दुसऱ्या यंत्राचा आहे हा. लांबीला जास्त. सुई तिरकी चालते आणि रेकॉर्ड किसत जाते."

त्यानं साउंडबॉक्स ओढून काढला. तो सैल पडू नये म्हणून दांडीला वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळली होती. बद्रीनाथनं ती उलगडून पाहिली आणि खिशात घातली. मग वाटीतल्या वापरलेल्या सुया तळहातावर घेतल्या.

"दर वेळी नवी सुई घालता?"

"आईचा नियम होता. बाबा अजून पाळतात."

"चाळीसेक तरी सुया एकाच अंगानं झिजल्यात. बाबा एकटेच राहतात?"

"हो. पण हातातून वस्तू पडायला लागल्यात. आणखी एक काही फुटलं की त्यांना हिंजवडीला न्यायचं, असं ठरलंय आमचं."

खिडकीशी पेन थांबलं.

बद्रीनाथ चंपाकडे वळला. "फोनवर कोणता साउंडबॉक्स म्हणालात?"

"भाजीच्या गाडीवरचा. 'इतके रुपये मिळाले' म्हून बोलतो न्हवं का, त्यो. बिघडला होता. संजयनं, माझ्या मालकानं, जुना दिऊन नवा घेतला."

"आणि याला काय म्हणता?" त्यानं हातातला गोल भाग दाखवला.

"ही डबी हाय. आजी डबीच म्हणायच्या. डबी पुसू नको, नुसती फुंकर मार, म्हणायच्या."

नीरजा खुर्चीवर बसली. आई डबीच म्हणायची. हे तिलाही ठाऊक होतं.

"मग घेतला कोणी?"

"कोणीच नाही," बद्रीनाथ म्हणाला. "चोर वस्तू बदलून निघून जातो. पण हा भाग बसवल्यावर ही रेकॉर्ड चाळीस वेळा लागलीय, दर वेळी नवी सुई घालून. आवाज बिघडत चाललेला ज्यानं रोज ऐकला, त्यानं एकदाही तक्रार केली नाही. का? कारण तक्रार केली असती तर जुना कुठे गेला, हे सांगावं लागलं असतं."

त्यानं खिशातली पट्टी टेबलावर ठेवली. शब्दकोड्याचे चौकोन होते. अक्षरं रेघांबाहेर गेलेली.

माधवराव उठले. शब्दकोशामागून त्यांनी रुमालाची पुरचुंडी काढली. आत जुना साउंडबॉक्स होता, आवाज उमटवणारी अभ्रकाची चकती तडकलेली.

"सुई बदलताना पडला," ते म्हणाले. "जुन्या बाजारातून दुसरा आणला. तुला कळलं असतं तर हे घर सुटलं असतं. ती याच घरात ऐकू येते मला."

"बाबा, आवाज जातोय हे कळलं नाही तुम्हाला?"

"रोज थोडी कमी ऐकू यायची. मला वाटलं, माझे कान चाललेत. तेही लपवलं."

नीरजाला वाटलं, आता तरी रडू येईल. आलं नाही.

"आणि काल चंपाताईंचं नाव निघालं तेव्हा?" बद्रीनाथनं विचारलं.

"गप्प बसलो. माझी लाज वाटते मला." ते चंपाकडे वळले. "चुकलो मी, बाई. चोर मी निघालो."

नीरजानं फोन घेतला. चंपाताईंनी काही चोरलेलं नाही, एवढं लिहून ती थांबली.

"माझं नाव घाल," माधवराव म्हणाले. तिनं घातलं आणि पाठवून दिलं. लगेच ग्रुपवर अंगठे उमटायला लागले. तिनं फोन पालथा ठेवला.

"अभ्रक मी बसवून देतो," बद्रीनाथ पिशवी आवरत म्हणाला. "किसलेल्या रेकॉर्डचं मात्र काही करता येणार नाही."

नीरजानं टेबलावरची किल्ली उचलून चंपापुढे धरली. "उद्या याल?"

"यीन की. आजोबांच्या भाकरी कोण करंल?"

चंपानं पदर खोचला, चपला घातल्या. किल्लीला तिनं हात लावला नाही.

"ती ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच. मी बेल वाजवीन."