मिठाच्या पाण्याने पुसलेली फरशी

संस्थेतल्या कोरियन पद्धतीच्या खोलीचं दार उघडलं आणि ब्रेंडा किंचाळली. सोलहून भेट आलेली हिरवी बरणी चटईवर फुटून पडली होती.

तासाभरात भक्तीला घरी पाठवलं. बहरीनमध्ये, मनामातल्या त्या संस्थेत कोरियाच्या राजकारणाचा अभ्यास चालतो. भक्ती तिथे इंटर्न. बरणी पुसायचं काम तिचं, म्हणून फोडलीही तिनेच! सोलच्या प्रोफेसरांनी तिला शिकायला बोलावलं होतं. तेही आता बुडणार.

तिची आई सत्यवती लेकीला घेऊन तडक ऑफिसात शिरली.

"खोलीची किल्ली कुणाकडे?"

"भक्ती, ब्रेंडा, मर्विन." मुरुडच्या संचालक झोहराबाई म्हणाल्या. "मी काल दुबईत होते."

"तू आत गेलेलीस?"

"नाही आंटी," रिसेप्शनवरची ब्रेंडा म्हणाली. "आत बूट काढून जावं लागतं. मी दारातूनच ओरडले."

"आणि तू रे?"

भक्तीचा साहेब, वसईचा मर्विन, खुर्चीतून हलला नाही. "महिनाभर तिथे पाऊल टाकलं नाही, मावशी."

"मोठं माणूस समोर उभं आहे. उठायचं शिकवलं नाही आईने?"

तो हसला. बसूनच.

सत्यवती अनवाणी खोलीत गेली. तुकडे उचलले होते. चटईची खरबरीत बाजू वर होती. तिने कोपरा उचलला. खालच्या गुळगुळीत बाजूला तपकिरी डाग होता.

"झोहराबाई, सोलला उद्या संध्याकाळी कळवा. दुपारी सगळे माझ्याकडे जेवायला या. माफी मागते."

भक्ती बघतच राहिली. आई, आणि माफी?

दुसऱ्या दिवशी दारातच हुकूम सुटला. "बूट बाहेर. लेकीला दृष्ट लागली, म्हणून फरशी मिठाच्या पाण्याने पुसलीय."

पुसली कसली, थबथबत होती. झोहराबाई आल्या. ब्रेंडा आली. मर्विन अडला.

"मावशी, बूट राहू दे?"

"बाई अनवाणी आल्या, तू कोण लागून गेलास?"

मोजे भिजले. तिसऱ्या पावलाला तळपायाला मीठ झोंबलं, तो कळवळून भिंतीला टेकला.

"घरी ग्लास फुटला, काच लागली," तो म्हणाला.

"ग्लास? बरणी फोडलीस, अनवाणी होतास, तुकडा तळपायात घुसला. रक्त चटईवर सांडलं, निघेना, म्हणून चटई उलटलीस. भक्तीचे पाय मी पाहिले, ब्रेंडाचे आत्ता. काल उठला नाहीस, मला वाटलं नुसता माज. उभं राहवत नव्हतं तुला! डाग तिथेच आहे. रक्त तपासून घेऊ?"

मर्विनचा चेहरा उतरला. "इतकी वर्षं मी घासतोय. आणि सोलला कालची पोरगी जाणार?"

"भक्तीच जाईल," झोहराबाई म्हणाल्या. "तू उद्यापासून येऊ नकोस."

तो लंगडत दाराकडे वळला. बूट जागेवर नव्हते.

"माझे बूट?"

"मफी," सत्यवती अरबीत म्हणाली. "नाहीत." "खलास. यल्ला, नीघ."

ऑगस्टची दुपार. खाली पार्किंगचं डांबर तापलं होतं. मर्विन उड्या मारत गाडीकडे निघाला.

"आई, दे ना गं त्याचे बूट!"

सत्यवतीने खिडकीत उभं राहून शांतपणे बघितलं.

"देते की. गाडीपर्यंत पोचू दे."