उजवीकडचा बिल्ला

हसायचं तर हसा. पण फुमिए माझी सख्खी मावशी, आणि खोटं बोलणं तिच्या रक्तात नाही.

जपानमधल्या ताकाओका गावचं हॉस्पिटल. बर्फाचे दिवस. आणि वेळ रात्रीची नव्हे, भरदुपारची.

मावशी रेडियमच्या खोलीत नर्स होती. त्याच खोलीत डॉक्टर शिराइशींनी रेडियमच्या सुया लावून माझ्या आजीचा कॅन्सर बरा केला होता. तेव्हापासून डॉक्टर म्हणजे मावशीचा देव.

तिथे प्रत्येकीच्या एप्रनवर डाव्या बाजूला फिल्मचा बिल्ला असे. किरण जास्त लागले की फिल्म काळी पडे, आणि त्या नर्सला खोलीतून हलवत.

"सुया धुताना बिल्ला खणात ठेवत जा, पोरी," डॉक्टर म्हणाले. "तुला हलवलं तर तुझ्या आईसारख्या बायकांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

देवाचा शब्द कोण मोडणार?

मावशीच्या आधी तिथे किनुसान होती. रक्ताच्या आजाराने गेली. "तिचा बिल्ला शेवटपर्यंत कोरा होता," डॉक्टरांनी सगळ्यांना सांगितलं. "खोलीचा काही दोष नाही."

त्या दुपारी मावशी एकटीच सुया धूत होती. बिल्ला खणात.

मागे खण सरकल्याचा आवाज आला...

तिने वळून पाहिलं. कोणी नाही. खण बंद.

जेवायला गेली तर मासायो नर्स हसली. "काय गं, बिल्ला उजवीकडे? किनुसान डावखुरी, म्हणून तीच तेवढी उजवीकडे लावायची. तूही डावखुरी झालीस की काय?"

मावशीने खाली पाहिलं.

बिल्ला खरंच एप्रनवर होता... उजवीकडे.

मग रोज तेच. ठेवायची खणात, सापडायचा छातीवर.

महिनाअखेर फिल्म कोळशासारखी काळी आली.

"लावायला कुणी सांगितलं?" डॉक्टर कडाडले.

"किनुसाननं."

डॉक्टरांनी उठून दार लावून घेतलं.

"माझा महिन्याभरात काळा झाला, डॉक्टर. मग तिचा इतकी वर्षं कोरा कसा?"

डॉक्टर म्हणाले, "तिनेही शेवटी हेच विचारलं होतं."

म्हणजे किनुसानचा बिल्लाही त्यांनीच खणात ठेवायला लावला होता, आणि ती कशाने गेली ते त्यांना माहीत होतं. 'पोरी' म्हणून खण दाखवला, तेव्हाही माहीत होतं.

मावशी तडक घरी आली. आजी धडधाकट, मुळा चिरत बसलेली. मावशी तिच्या मांडीवर कोसळली. "ज्यानं तुला वाचवलं, त्यानंच माझा केसानं गळा कापला गं!"

मी आज एक्स-रे खात्यात आहे. मावशीने बजावल्यापासून बिल्ला कधी काढत नाही.

परवा नवे साहेब प्रेमानं म्हणाले, "रोज कशाला लावतेस? ठेव की खणात."

मी बिल्ला काढला नाही.

संध्याकाळी कोट काढताना पाहिलं. डावीकडे माझा बिल्ला होता.

आणि उजवीकडे, जिथे मी कधीच काही लावलं नव्हतं, टाचणीची दोन ताजी भोकं...