सहावं कुलूप

तांब्याची पट्टी ओली होती.

सकाळपासून वीज तोडलेली, पाऊस नाही, जवळपास नळ नाही. टेस्टर लावून पाहिला, शून्य. रुमालाने पट्टी पुसली. रुमालाला नदीकाठासारखा वास आला.

मी सिन्नरच्या आमच्या कारखान्यात, रेक्टिफायरच्या कपाटात शिरले होते. एसी विजेची डीसी करणारं हे कपाट एवढं मोठं, की आत माणूस उभा राहतो. रविवार, चौदा डिसेंबर, संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं. दुरुस्ती संपली होती. आत विसरलेली बॅटरी घ्यायची आणि निघायचं, एवढंच.

आमच्याकडे आत काम करणारा प्रत्येकजण खालच्या मेन स्विचला आपल्या नावाचं कुलूप लावतो. सगळी कुलपं निघाल्याशिवाय स्विच चढत नाही. त्या दिवशी आम्ही पाचजण होतो. पाचही निघाली होती. माझं माझ्या खिशात होतं. बॅटरीसाठी पुन्हा लावायला गेले असते, तर खाली स्विच सांभाळणारा किशोर सगळ्यांसमोर म्हणाला असता, "काय पल्लवी मॅडम, परत उंदीर दिसला?" मी प्रत्येक गोष्ट तीनदा तपासते, म्हणून दिवसभर त्याची हीच चेष्टा चालली होती.

शिवाय कपाटाचं दार उघडं असलं की यंत्र सुरूच होत नाही. म्हणून मी दाराला लाकडी ठोकळा लावला होता.

ठोकळा सरकला.

दार बंद झालं. आतून उघडायला कडी नाही.

किशोरला फोन लावला. रिंग जात राहिली... कुणी उचलेना. पुन्हा लावला.

डोक्यावरचा पंखा सुरू झाला.

म्हणजे खाली किशोरने सुरुवात केली होती. आधी वेगळ्या विजेवरचा पंखा, दोन मिनिटं थांबायचं, मग तीन भोंगे, मग मेन स्विच. हा क्रम मीच कागदावर लिहून भिंतीला चिकटवला होता.

ओरडले. पंख्याच्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. स्विच चढला की जिच्यातून वीज वाहणार, ती पट्टी पाठीपासून वीतभर. हलायला जागा नाही.

सकाळीच द्वारका चौकातून येताना गाडीत आमचे जुने वायरमन कोंडाजीकाका सांगत होते, "गेणूला मी चांगला वळखायचो, पोरी. लय हुशार गडी. दोन मिन्टांचं काम म्हणून कुलूप नाय लावलं. याच कपाटात गेला. अस्थींबरोबर त्याचं कुलूपबी मी माझ्या हातानं गंगेत सोडलं."

"काका, घाबरवू नका ना."

"घाबरवत नाय. लावत जा, एवढंच म्हणतो."

पहिला भोंगा.

फोन कानाशी. रिंग...

दुसरा.

उचल रे. उचल.

तिसरा.

डोळे मिटले.

...

काहीच झालं नाही. पंखा फिरत राहिला. मानेवर एक थेंब पडला. गार.

मग फोन उचलला गेला.

"मॅडम, कुठे आहात तुम्ही? इथे स्विच चढत नाहीये. पाचही कुलपं निघालेली मी मोजली होती. हे सहावं कुणाचं?"

मी खिसा चाचपला; माझं कुलूप तिथेच होतं.

"गंजलंय पार. थांबा, वाचतो... गेणू." किशोरचा आवाज उतरला. "मॅडम... याच्यातून पाणी गळतंय."