कॅमेरा बसवल्यापासून

"या वयात माणसानं आपल्या गुडघ्यांकडे बघावं, दुसऱ्याच्या फ्यूजकडे नाही," भाऊजी डॅशबोर्डखालून पुटपुटले. कुणी ऐकलं नाही असं त्यांना वाटलं. पण मीटरबाईंचं डोकं त्यांच्या डोक्यापासून वीतभरच लांब होतं.

"टॉर्च नीट धरा. गुडघ्यांचं नंतर बघू."

"वहिनी, मी नीटच धरलाय. थरथरतोय तो हात."

मीटरबाई हसल्या नाहीत. सकाळचे साडेअकराच वाजले होते, पण त्या दमल्या होत्या. बावीस वर्षं त्यांनी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या, जळलेल्या, बुडालेल्या गाड्या तपासल्या. आता खाजगी तपास करत. नाव कुणी घेत नसे, पिशवीत कायम मीटर असतो म्हणून मीटरबाई. धाकटे दीर कचेरीतून निवृत्त झाल्यापासून नोंदी ठेवायला सोबत येत. अक्षर सुरेख होतं. बाकी सगळं जरा सावकाश.

प्रकरण किरकोळ होतं. ज्याची नोकरी जाणार होती त्याच्यासाठी सोडून.

तो गॅरेजच्या दाराशी उभा होता. गाडीच्या सामानाच्या दुकानातला फिटर. हात स्वच्छ होते, तरी फडक्याला पुसत होता. तीन आठवड्यांपूर्वी त्यानं या गाडीत समोरच्या काचेवर कॅमेरा बसवला. तेव्हापासून गाडी चार वेळा सुरू व्हायला तयार झाली नव्हती. गाडीवाल्या आजोबांनी दोन लेखी तक्रारी केल्या होत्या. शेवटी दुकानमालकानं मीटरबाईंना फोन केला होता. "दोन वाजता मी फिटरच्याच फोनवर फोन करतो. चूक त्याची असेल तर आजच घरी बसवणार. बारा वर्षं माझ्याकडे आहे, पण दुकानाचं नाव जातंय."

"बोल बाबा," मीटरबाई म्हणाल्या. "काय काय केलंस?"

"आधी बॅटरीची तार सोडली. मग इथं, शेजारच्या सीटच्या गुडघ्यापाशी हे फ्यूजचं झाकण आहे ना, त्यातून कॅमेऱ्याला वीज घेतली. तारा गुंडाळल्या. बॅटरी परत जोडली." तो थांबला. "आणि मी जिथं हात लावतो, तिथं पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढतो. जोडावरून आरपार. कुणी नंतर हलवलं तर रेघ तुटते. मालक हसतात मला."

"आज नाही हसणार," मीटरबाई म्हणाल्या. बॅटरीवरची रेघ अखंड होती. कॅमेऱ्याच्या जोडावरचीही.

त्यांनी मीटर लावला. गाडी झोपल्यावर कॅमेरा किती वीज खातो ते पाहिलं. "रात्रभर डास चावला तर हत्ती मरेल का? तेवढंच."

"मग बॅटरी कशी मरते?" भाऊजींनी विचारलं.

"मेली असं कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतायत."

"लिहून ठेवा. सगळेच म्हणतायत." त्यांनी डॅशबोर्डवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग स्वतःच्या. दोन्हीत अकरा बेचाळीस.

फ्यूजच्या पेटीत त्या बराच वेळ बघत राहिल्या. छोटे रंगीत तुकडे, दातांसारखे ओळीत. सगळ्यांवर धुळीचा पातळ थर. एक निळा तेवढा स्वच्छ होता. त्यावरचा पंधराचा आकडा उलटा होता, बाकी सगळे सुलटे. आणि त्याच्या कडांना दोन बारीक खड्डे पडले होते.

"हा तू काढला होतास?"

फिटर वाकला. "नाही हो. तो पेट्रोल पंपाचा. माझा त्याच्याशी संबंध नाही. घट्ट असतात फार, नुसत्या बोटांनी निघत नाहीत."

"चारही वेळा गाडी बघायला आलास तेव्हा हा बघितला नाहीस?"

त्याचे कान लाल झाले. "मी माझ्याच तारा बघत होतो, बाई. शिव्या बसायला लागल्या की माणूस आपलीच चूक शोधतो. आणि मी येईपर्यंत दुपार व्हायची. आलो की गाडी एका चावीत सुरू. आजोबा म्हणायचे, तुला बघून लाजते."

"कॅमेरा बसवलास तेव्हा जवळ कोण होतं?"

"आजी. टॉर्च त्यांनीच धरला. चांगलं धरतात," असं म्हणून त्यानं भाऊजींकडे एकदा पाहिलं. "सगळं विचारत होत्या, हा फ्यूज कशाचा, तो कशाचा. मलाही बरं वाटलं. कोण विचारतं आपल्याला?"

तेवढ्यात आजोबा गॅरेजमध्ये आले आणि थेट भाऊजींच्या पायावर उभे राहिले.

"आई गं!"

"असे मध्ये काय उभे राहता हो?" आजोबा गरजले. भाऊजी मध्ये नव्हते, डावीकडे भिंतीला चिकटून होते. पण आवाज असा होता की त्यांनीच माफी मागितली.

आजोबांनी छत्तीस वर्षं बस चालवली होती. "एक ओरखडा नाही! विचारा डेपोत. आणि या पोरानं एक डबी चिकटवली अन् माझी गाडी मारली."

मीटरबाईंनी गाडीच्या डाव्या अंगावरून हात फिरवला. मागच्या दारापासून पुढच्या चाकापर्यंत लांब चरे होते. डावा आरसा चिकटपट्टीनं बांधलेला.

"हे?"

"शेजारचे. फाटकातून गाडी काढायची अक्कल नाही कुणाला."

"बरं. बंद पडते तेव्हा आवाज कसा येतो?"

"घरघर करते. जोरात करते. पण पेटत नाही. पहिल्या दिवशी तर दोन सेकंद सुरू झाली आणि गप्प."

"कुठल्या वारी?"

"मंगळवार, शुक्रवार. परत मंगळवार, शुक्रवार. सुट्टीत नातीला साडेनऊला पोहायला नेतो ना मी. मुलगा रविवारी चालवतो, तेव्हा काही नाही. बघा, मुद्दाम माझ्याच वाटेला!"

"पोहायच्या दिवशी सकाळी घरी कोण असतं?"

"सून नर्स आहे, सातला बाहेर. मुलगा आठला स्कूटरवरून. दोघं संध्याकाळी येतात. मग आम्ही दोघं आणि नात."

भाऊजींनी सगळं सुरेख अक्षरात लिहिलं.

मुलगा घरात पेपर वाचत बसला होता. शनिवार होता. मीटरबाई समोर बसल्या तरी त्यानं पेपर खाली केला नाही.

"कॅमेरा कुणाच्या डोक्यातून निघाला?"

"माझ्या. आजकाल लागतो. कुणी ठोकलं तर पुरावा."

"त्यात कार्ड नाही. चावी फिरवली की तो 'कार्ड टाका' म्हणून पिपाणी वाजवतो."

पेपर हलला. "खराब झालं."

"कधी?"

"पहिल्याच आठवड्यात."

"म्हणजे त्यातलं काही बघितलं नाहीत?"

"म्हटलं ना, खराब झालं."

सुनेलाही आज सुट्टी होती; ती स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. पुसलेलाच. "मी तर म्हणतेय, पोहणं बंदच करू. तिला सर्दी होते."

"पाण्यामुळे?"

"हो... म्हणजे, वाऱ्यामुळे."

"मागच्या महिन्यात कोण सोडायचं?"

"मीच. रिक्षानं. तेव्हा दुपारची पाळी होती."

"तेव्हा सर्दी नव्हती?"

सुनेनं फडकं पिळलं. त्यातून पाणी आलं नाही.

आजी मागच्या खोलीत शिलाईच्या यंत्राशी होत्या. चार दोऱ्यांचं यंत्र होतं ते. लांब चिमट्यानं त्या एकेक दोरा आतल्या बारीक वाटेनं ओढत होत्या. चिमट्याच्या टोकांना करवतीसारखे दाते होते. त्यांचा हात अजिबात हलत नव्हता.

"गाडीत तुम्ही कुठं बसता, आजी?"

"यांच्या शेजारी. चव्वेचाळीस वर्षं. लग्नाच्या वरातीपासून."

"भीती नाही वाटत?"

आजींनी दोरा ओढून घेतला आणि दातानं तोडला. "चहा घेणार?" त्या म्हणाल्या.

बाहेर अंगणात भाऊजी कुजबुजले, "मुलगाच. शंभर टक्के. कार्ड त्यानंच लपवलंय. सकाळी जाताना काहीतरी काढून ठेवतो."

"आणि दुपारी ऑफिसातून हात लांब करून परत लावतो?"

भाऊजी विचारात पडले. बराच वेळ पडले. "मग सून?"

"ती तर सातलाच गेलेली." मीटरबाईंनी डोळे चोळले. त्यांना कळलं होतं, आणि कळल्याचा आनंद अजिबात झाला नव्हता. जळलेली गाडी बरी, ती निदान कुणाकडे बघत नाही. "चला. सगळ्यांना बसवा."

पावणेदोनला सगळे पुढच्या खोलीत जमले. फिटर खुर्ची असून दाराशी उभा राहिला. आजींनी चहा आणला. आजोबांच्या डाव्या हाताशी कप धरला, थोडा वेळ थांबल्या, मग वळसा घालून उजवीकडे गेल्या. आजोबांनी लगेच घेतला.

"फिटरची चूक नाही," मीटरबाईंनी सुरुवात केली. "बॅटरी कधी मेलीच नव्हती. ती मेली असती तर गाडी जोरात घरघरली नसती आणि डॅशबोर्डवरचं घड्याळ शून्यावर गेलं असतं. ते मिनिटाला बरोबर आहे. फिटरनं हात लावला तिथल्या दोन्ही रेघा शाबूत आहेत. गाडीला वीज मिळत होती, आजोबा. पेट्रोल मिळत नव्हतं. पहिल्या दिवशी नळीत उरलेलं होतं तेवढ्यावर ती दोन सेकंद चालली."

"मग पंप गेलाय," आजोबा म्हणाले.

"दुपारी येतो कसा मग? पंपाचा फ्यूज कुणीतरी सकाळी काढत होतं आणि दुपारी परत लावत होतं. एवढाच एक पुसल्यासारखा स्वच्छ आहे, आकडा उलटा आहे, आणि कडेला चिमट्याच्या दातांच्या खुणा आहेत."

खोलीत कुणी कुणाकडे बघितलं नाही.

"पण हे कॅमेरा बसवल्यापासूनच का?" भाऊजींनी विचारलं. दिवसभरातला हा त्यांचा पहिला चांगला प्रश्न होता.

"कारण कुठला फ्यूज कशाचा, हे त्या दिवशीच कळलं. टॉर्च धरता धरता. त्या झाकणाशी गुडघा लावून बसणारं माणूस एकच आहे. सकाळीही घरी, दुपारीही घरी, आणि घट्ट फ्यूज ओढायचा चिमटा ज्याच्या हातात रोज असतो."

आजींनी ट्रे खाली ठेवला. "मीच काढला," त्या म्हणाल्या. "चारही वेळा."

आजोबा हसले. मग हसणं थांबलं. "तू? माझ्या गाडीचा? कशासाठी?"

आजी ट्रेची कड पुसू लागल्या.

"कशासाठी, विचारतोय मी!"

"ते मी सांगणार नाही," मीटरबाई हळूच म्हणाल्या. "फ्यूज कुणी काढला ते शोधणं माझं काम. बाकीचं तुमच्या घरातलं आहे. सगळ्यांना ठाऊक आहे, एवढं दिसतंय."

आजोबांनी मुलाकडे पाहिलं. मुलाचा हात खिशावर गेला. कार्ड तिथंच असावं. "बाबा, उन्हाळा आहे, गाडी गरम होते," तो म्हणाला.

"तिला सर्दी होते," सून म्हणाली.

तेवढ्यात फिटरचा फोन वाजला. दोन. त्यानं स्पीकर लावून तो मीटरबाईंपुढे धरला, त्यांनी आजोबांपुढे. "तक्रार आजोबांची आहे. मागे घ्यायची तर यांनीच."

दुकानमालकाचा आवाज खोलीभर आला. "हां, काय निघालं? कारण सांगा. कारणाशिवाय मी तक्रार मिटवणार नाही. उद्या हाच माणूस दुसऱ्याची गाडी बिघडवेल."

मुलगा झटकन पुढं झाला आणि बापाच्या कानाशी लागला. "लूज कनेक्शन होतं म्हणून सांगा. विषय संपला."

फिटरनं फडकं घडी करून खिशात ठेवलं. लूज कनेक्शन म्हणजे कुणाचं, हे त्या खोलीत त्याच्याएवढं कुणाला कळत नव्हतं. तो नुसता खाली बघत राहिला.

फोन द्यायला पुढे आलेला फिटर आजोबांच्या डावीकडे उभा होता. आजोबांना त्याला बघायला पूर्ण मान वळवावी लागली, मग खांदाही. सगळ्यांनी ते पाहिलं, आणि सगळ्यांनी नजर दुसरीकडे नेली.

"हॅलो? आजोबा? आहात ना?"

"आहे," आजोबा म्हणाले. "गाडीला काही झालेलं नाही. तुमच्या माणसाचं काम चोख आहे. मी दोन पत्रं खोटी लिहिली."

"मग बंद का पडत होती?"

"बायकोनं फ्यूज काढून ठेवला होता."

"काढून? का बरं?"

आजींचा हात ट्रेवर थांबला. "राहू द्या ना," त्या म्हणाल्या. "मी सांगते त्यांना, गंमत केली म्हणून."

आजोबांनी मान हलवली आणि फोन तोंडाजवळ घेतला. डेपोत हजेरी द्यावी तशा आवाजात ते बोलले.

"मला दिसत नाही म्हणून. डावीकडचं काहीच दिसत नाही. वर्ष होत आलं."